पीएच.डी.च्या बॅचमध्ये मुली किती, मुलगे किती, याने खरंच काही फरक पडतो का?

तळटीप
यंदा विभागाच्या पीएच.डी. प्रवेश समितीवर आहे. विभाग प्रायोगिक विज्ञानाचा, दरवर्षी मोजकेच विद्यार्थी घेतो. यादी पक्की होत असताना एकाने सहज विचारलं, "यंदा मुलगी एकच दिसतेय, चालेल ना?" दुसरे म्हणाले, "आपण गुणवत्तेवर घेतो, डोकी मोजत नाही." विषय तिथेच मिटला आणि पुढच्या मुद्द्यावर गेलो.

मला मात्र तो प्रश्न महत्त्वाचा वाटतो. बरोबरच्या विद्यार्थ्यांमध्ये बाया किती नि बाप्ये किती याचा संशोधक विद्यार्थ्याच्या कामगिरीवर परिणाम होतो का? कामगिरी म्हणजे तरी काय धरायचं? कोर्सवर्कचे मार्क, पेपर, वेळेत थिसिस, की मुळात टिकून राहणं?

अनुभव लिहा, कुणी अभ्यास वाचले असतील तर तेही लिहा. आरक्षण हवं की नको हा वाद कृपया इथे नको, त्यासाठी वेगळा धागा काढा.

चक्रम_इंटिग्रल
मी पहिला! आता धागा वाचतो.

काठावरचा
नाही पडत फरक. पीएच.डी. हा शेवटी एकट्याने करायचा उद्योग आहे. तुम्ही, तुमचा विषय आणि गाईड. गाईड बरा निघाला तर तरलात, नाही तर बॅचमध्ये कुणी का असेना. शाळेत बाकावर शेजारी कोण बसतं याने फरक पडत असेल, पण पंचविशीतल्या माणसांबद्दल बोलतोय आपण.

गोगलगाय_थिसिस
"वेळेत थिसिस" असं काही असतं हे वाचून गहिवरून आलं. चालू द्या.

निशिगंधा
काठावरचा, तुमचं वाक्य तिसऱ्या वर्षापासून पुढे खरं आहे. पहिल्या वर्षाला ते लागू पडत नाही. पहिल्या वर्षी ना स्वतःचा विषय असतो, ना बऱ्याच ठिकाणी गाईड. असतं ते कोर्सवर्क, पुढे दिसणारी क्वालिफायर (पीएच.डी. पुढे चालू ठेवायला पास व्हावी लागणारी परीक्षा) आणि बरोबरची चार टाळकी.

मी बॅचमध्ये एकटी मुलगी होते. आधीच सांगते, कुणीही वाईट वागलं नाही. सगळी मुलं सभ्य होती, दोघं तर आजही चांगले मित्र आहेत. पण माहिती कुठून कशी फिरते ते बघा. कुठल्या सरांचे प्रश्न दर दोन वर्षांनी परत येतात, कुठल्या लॅबकडे यंदा पैसे आहेत, कोण विद्यार्थ्याला सात वर्षं अडकवून ठेवतं, यातलं काहीही नोटीस बोर्डावर लागत नाही. ते रात्री मुलांच्या हॉस्टेलच्या खोलीत बोललं जायचं. माझ्यापर्यंत आलं तर पंधरा दिवसांनी, आणि तेही "अगं, तुला सांगायचं राहिलंच" असं म्हणत. असाइनमेंटचे गट मी वर्गात पोचायच्या आधीच ठरलेले असायचे. कुणी मला मुद्दाम वगळलं नव्हतं, मी त्या खोलीत नव्हते एवढंच.

पहिलं सत्र संपल्यावर सोडायचा अर्ज लिहून ठेवला होता. दिला नाही. का दिला नाही ते मागाहून लिहीन.

चक्रम_इंटिग्रल
"सांगायचं राहिलंच" हे आमच्या विभागाचं बोधवाक्य म्हणून दारावर लावायला हवं.

संख्यासुर
या नेमक्या प्रश्नावर एक चांगला अभ्यास झाला आहे. व्हॅलेरी बोस्टविक आणि ब्रूस वाइनबर्ग हे दोघे अर्थतज्ज्ञ. २०१८ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्चने तो कार्यपत्र (जर्नलमध्ये येण्याआधीचा मसुदा) म्हणून काढला, पुढे २०२२ मध्ये जर्नल ऑफ लेबर इकॉनॉमिक्समध्ये आला. माहिती ओहायो राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांमधल्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पीएच.डी. विद्यार्थ्यांची.

मुख्य निष्कर्ष असा. ज्या बॅचमध्ये दुसरी एकही मुलगी नाही अशा बॅचमध्ये आलेली मुलगी सहा वर्षांत पदवी मिळवण्याची शक्यता बरोबरच्या मुलग्यांपेक्षा ११.९ टक्के-बिंदूंनी (म्हणजे दोन टक्केवारींची सरळ वजाबाकी) कमी. मुलींचं प्रमाण एका प्रमाण विचलनाने (आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरतात त्याचं माप) वाढलं की मुलींची वेळेत पदवी मिळवण्याची शक्यता, मुलग्यांच्या तुलनेत, ४.६ टक्के-बिंदूंनी वाढते. निशिगंधाताईंच्या प्रतिसादाशी जुळणारा भाग पुढे आहे. हा परिणाम मुख्यतः पहिल्याच वर्षी सोडून जाण्याच्या शक्यतेतून येतो. आणि जे विभाग एरवीही पुरुषबहुल असतात तिथे तो सगळ्यात मोठा दिसतो.

काठावरचा
हे नेहमीचंच. जिथलं वातावरण चांगलं तिथे मुली जास्त येतात आणि जिथलं वातावरण चांगलं तिथे मुली टिकतातही. मग प्रमाणामुळे टिकल्या असं कसं म्हणणार?

संख्यासुर
रास्त शंका आहे, आणि अभ्यासाची सगळी मांडणी तीच टाळण्यासाठी केलेली आहे. त्यांनी या विभागाची तुलना त्या विभागाशी केलेली नाही. एकाच विभागाच्या वेगवेगळ्या वर्षांच्या बॅच एकमेकींशी ताडून पाहिल्या. प्राध्यापक तेच, इमारत तीच, वातावरण तेच. पण यंदा तीन मुली आल्या, गेल्या वर्षी एकच आली होती. बॅच लहान असते तेव्हा असा चढउतार बराचसा नशिबाचा असतो. कुणी ऑफर घेतली, कुणी दुसरीकडे गेलं. नशिबाने झालेला हा फरकच त्यांनी प्रयोगासारखा वापरला.

सोबत्यांच्या परिणामांवरच्या अभ्यासांत आणखी एक जुनी अडचण असते. मी तुझ्यामुळे सुधारलो की तू माझ्यामुळे, हे सुटं करता येत नाही. चार्ल्स मान्स्की यांनी १९९३ मध्ये ती मांडली आणि तिला प्रतिबिंबाची अडचण म्हटलं. आरशातली प्रतिमा हलते म्हणून माणूस हलतो की उलट? पण इथे मोजलंय ते सोबत्यांचं लिंग, आणि ते काही एकमेकांच्या संगतीने बदलत नाही. त्यामुळे ही अडचण इथे बरीच सैल होते.

मर्यादा आहेतच. एकाच राज्यातली विद्यापीठं आहेत, आणि मुली नेमक्या कशामुळे गेल्या ते अशा आकडेवारीत दिसत नाही. माहिती पोचली नाही म्हणून, एकटं वाटलं म्हणून, की आणखी कशाने?

गोगलगाय_थिसिस
सहा वर्षांत पदवी?? आमच्या लॅबमध्ये सहाव्या वर्षी उपकरणाचा सुटा भाग येतो.

ओंजळ
"कशामुळे" यावर थोडं. मी समाजशास्त्रातली, त्यामुळे हे आमच्याकडे आधीपासून बोललं जातं अशी फुशारकी मारून घेते.

समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या अभ्यासातून मांडलं होतं की एखाद्या गटात १५ टक्क्यांपर्यंतच असलेली माणसं 'नमुना' (टोकन) बनतात, म्हणजे व्यक्ती म्हणून न दिसता आपल्या प्रकाराची प्रतिनिधी म्हणून दिसतात. तीन गोष्टी होतात. पहिली, ती सतत नजरेत राहतात, बाकीच्यांची चूक विसरली जाते आणि यांची लक्षात राहते. दुसरी, त्यांच्या समोर बहुसंख्यांना आपलं वेगळेपण जास्तच जाणवायला लागतं, मग विनोद आणि गप्पा आणखी 'आपल्यातल्या' होतात. तिसरी, त्यांना ठरावीक साच्यात बसवलं जातं. ग्रुप मीटिंगची टिपणं कोण काढतं आणि निरोपसमारंभ कोण ठरवतं ते आपापल्या लॅबमध्ये बघून घ्या.

यात कुणी खलनायक असायची गरज नाही. नुसत्या संख्येनेही हे होतं.

निशिगंधा
टिपणं!!! पाच वर्षं!!!

चक्रम_इंटिग्रल
आमच्याकडे टिपणं मी काढायचो. अर्थात कुणी वाचली नाहीत, कारण माझं अक्षर.

एकांडा_शिलेदार
ओंजळ, कँटर यांची मांडणी मला उलट्या बाजूने तपासता आली. मी नर्सिंगमध्ये पीएच.डी. केली, बॅचमध्ये एकटा पुरुष. नजरेत राहणं सेम टू सेम. एका सेमिनारला गैरहजर राहिलो की सगळ्यांना कळायचं. पण साचा वेगळा होता. मला टिपणं काढायला कुणी कधी सांगितलं नाही. उलट दुसऱ्याच वर्षी समितीवर घेतलं, बाहेरचे पाहुणे आले की ते आधी माझ्याशीच बोलायचे, मीच प्रमुख असल्यासारखे. बरोबरच्या मुली हसायच्या, पण त्यांना ते लागत असणार.

क्रिस्टीन विल्यम्स यांनी १९९२ मध्ये नेमकं हेच लिहिलं आहे. नर्सिंग, प्राथमिक शिक्षण, ग्रंथालय, समाजकार्य अशा स्त्रीबहुल पेशांत पुरुषांना सरकत्या जिन्यावर उभं केल्यासारखं वर ढकललं जातं. म्हणून 'संख्येमुळे होतं' हे मला अर्धंच पटतं. एकटं असणं दोन्हीकडे सारखं, एकटं असण्याचा भाव सारखा नाही.

ओंजळ
अगदी मान्य. कँटर यांच्यावरची मुख्य टीका हीच आहे.

ठिणगी
सगळे छान छान बोलताहेत म्हणून मीठ टाकते. मला पीएच.डी.मध्ये सगळ्यात जास्त त्रास दिला तो एका सीनियर मुलीने. उपकरणाचे स्लॉट अडवायचे, माझा डेटा गाईडसमोर आपला म्हणून सांगायचा, वरून "मी सोसलं, तूही सोस". मदत केली ती दोन मुलग्यांनी. तेव्हा मुली वाढवल्या की आपोआप सख्या मिळतात हे मला ऐकवू नका.

मधलीसुट्टी
शेवटी बाईच बाईची

ठिणगी
मधलीसुट्टी, ते वाक्य पूर्ण करू नका. माझ्या गाईडचं आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्याचं आयुष्यभराचं भांडण होतं, त्याला कुणी "बाप्याच बाप्याचा शत्रू" म्हटलं नाही. एक सीनियर वाईट निघाली एवढंच माझं म्हणणं.

मधलीसुट्टी
बरं. घेतलं मागे.

काठावरचा
ठिणगी यांच्या बाजूने माझ्याकडेही एक अभ्यास आहे (हो, मीही वाचतो). उल्फ झोलित्झ आणि यान फेल्ड, २०२१. नेदरलँड्समधल्या एका बिझनेस स्कूलमध्ये विद्यार्थ्यांना तुकड्या सोडतीने मिळतात. ज्या मुलींच्या तुकडीत मुली जास्त होत्या त्यांनी पुढे फायनान्ससारखे पुरुषबहुल विषय कमी निवडले आणि मार्केटिंगसारखे जास्त. म्हणजे मैत्रिणी मिळाल्या आणि त्यांच्यामागे सगळ्या एकाच वाटेने गेल्या. याला फायदा म्हणायचं का?

संख्यासुर
चांगला दाखला. पण ते पदवीचे विद्यार्थी, वाट अजून निवडायची होती. पीएच.डी.ला आलेल्या मुलीने वाट आधीच निवडलेली असते. तिच्यापुढे प्रश्न 'कुठे जाऊ' हा नसतो, 'थांबू की जाऊ' हा असतो. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात.

जुनी_वही
अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. सोफिया कोवालेव्हस्काया हे नाव गणितवाल्यांना ठाऊक असतं. १८७४ साली ग्योटिंगेन विद्यापीठाने तिला गणितात डॉक्टरेट दिली. बर्लिनमध्ये तिला व्याख्यानांना बसायलाही परवानगी नव्हती, गणितज्ञ वायरश्ट्रास तिला खासगीत शिकवत. हे सगळे सांगतात. तिच्याबरोबर हायडेलबर्गला आणि मग बर्लिनला एकाच बिऱ्हाडात राहणारी दुसरी विद्यार्थिनी होती ते फारसं कुणी सांगत नाही. युलिया लेर्मोन्तोवा, रसायनशास्त्राची. बर्लिनमध्ये तिलाही दारं बंदच होती, रसायनशास्त्रज्ञ हॉफमन यांच्याकडे खासगीत काम करायची. आणि तिलाही ग्योटिंगेननेच, त्याच १८७४ साली, डॉक्टरेट दिली.

विषय वेगळे, विभाग वेगळे. बॅच दोघींची.

काठावरचा
गोष्ट सुंदर. पण दोन जणींवरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे इथे संख्यासुरांनी म्हणायला हवं होतं.

संख्यासुर
मी गोष्ट ऐकत होतो, म्हणून गप्प होतो.

प्रूफरीडर
गाईड बाई की बुवा याचा विषय कुणी काढला नाही अजून? कॅलटेक या अमेरिकन विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाच्या २००४ ते २००९ मध्ये आलेल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांवर २०१६ मध्ये एक अभ्यास आला होता. मुलींचे पेपर सरासरी ८.५ टक्के कमी, आणि गाईड बाई असेल तर विद्यार्थ्यांचे पेपर ७.७ टक्के जास्त. मला वाटतं बॅचपेक्षा हे जास्त महत्त्वाचं.

निशिगंधा
गाईड येईपर्यंत टिकलं तर ना. आता राहिलेलं सांगते. अर्ज दिला नाही कारण शेजारच्या विभागातली एक मुलगी. संख्याशास्त्राचा एक कोर्स दोन विभागांना सामाईक होता, तिथे भेटली. तीही तिच्या बॅचमध्ये एकटीच. विषयाचा एकमेकींना काडीचा उपयोग नव्हता. पण "प्रश्न विचारल्यावर सर आधी हसले" असं मी म्हटलं की ती "तुझ्यावर पण?" म्हणायची. एवढ्याने कळतं की गडबड आपल्या डोक्यात नाही. मग आम्ही दोघींनी दोन्ही विभागांच्या सीनियरांकडून माहिती गोळा करून वाटून घ्यायला सुरुवात केली. आमचीही एक 'खोली' झाली म्हणा ना.

संख्यासुर
निशिगंधाताईंच्या या प्रतिसादात तळटीप यांच्या प्रश्नाचं उत्तर दडलंय. थोडा हिशोब करतो.

समजा, एखाद्या विभागात निवड होणाऱ्यांत मुलींचं प्रमाण वर्षानुवर्षं २० टक्के आहे आणि बॅच पाच जणांची. एकही मुलगी नसण्याची शक्यता ०.८ चा पाचवा घात, म्हणजे साधारण ३३ टक्के. नेमकी एक असण्याची सुमारे ४१ टक्के. म्हणजे जवळजवळ चारपैकी तीन वर्षी शून्य नाही तर एक. समितीने काहीही वाईट न करता!

आता तिच्या बाजूने बघा. ती आलीच आहे असं धरलं, तर उरलेले चौघंही मुलगेच असण्याची शक्यता ०.८ चा चौथा घात, पुन्हा ४१ टक्के. पण हीच बॅच पंधराची असेल तर? ०.८ चा चौदावा घात. साधारण ४.४ टक्के. प्रमाण तेच २० टक्के, एकही जागा राखून ठेवलेली नाही, कुणाची गुणवत्ता मोजताना हात आखडलेला नाही. नुसतं पहिलं वर्ष तीन विभागांनी मिळून चालवलं तरी एकटं पडण्याची शक्यता नऊपटीहून जास्त घटते.

मात्र ओहायोच्या अभ्यासात असं एकत्रीकरण तपासलेलं नाही. हा माझा हिशोब आहे.

काठावरचा
आता मात्र मजा आली. हे मला पटतं, कारण यात एकटा पडलेला मुलगाही सुटतो. पाच जणांच्या बॅचमध्ये कुणीही एकटं पडू शकतं. भाषेने, वयाने, लग्न-मुलंबाळं असल्याने.

गोगलगाय_थिसिस
थिसिस न संपल्याने. हा गटही मोजा.

ओंजळ
शिक्षकांसाठी एक सूचना जोडते. प्रॅक्टिकलचे किंवा प्रोजेक्टचे गट पाडताना "प्रत्येक गटात एक मुलगी" अशी वाटणी बरेच जण न्याय्य समजून करतात. निलांजना दासगुप्ता आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनींना चार-चार जणांच्या गटांत टाकून पाहिलं, कुठे एक मुलगी, कुठे दोन, कुठे तीन. तिघी असलेल्या गटांत मुली जास्त बोलल्या. पहिल्या वर्षाच्या मुलींची धास्ती एकट्या असताना जास्त होती. तेव्हा चार मुली चार गटांत पेरण्यापेक्षा दोन गटांत दोन-दोन ठेवा.

ठिणगी
आणि मी तुमच्या वर्गात असते तर "मला मुलगी म्हणून मुलीशेजारी बसवलंत" म्हणून भांडले असते. हे विसरू नका. विचारा की. मोठी माणसं आहोत.

ओंजळ
मग उरलेले दोन गट बिनमुलींचे होतात, तेही काही आदर्श नाही. विचारणं बरोबर. फक्त सगळ्यांसमोर विचारू नये.

तळटीप
बरंच हाती लागलं. उद्या समितीत मांडायचे मुद्दे लिहून काढले आहेत. यादी आहे तशीच राहील. पण पहिल्या सत्राचे जे दोन कोर्स शेजारच्या दोन विभागांशी जुळतात ते एकत्र घ्यायचे. क्वालिफायरच्या जुन्या प्रश्नपत्रिका, कुठल्या लॅबमध्ये जागा आणि निधी आहे, प्रत्येक गाईडकडे पदवीला सरासरी किती वर्षं लागतात, हे सगळं विभागाने लेखी स्वरूपात सगळ्यांना एकाच दिवशी द्यायचं. यातल्या तिसऱ्या, गाईडच्या सरासरीच्या मुद्द्यावर आरडाओरडा होणार.

प्रूफरीडर
तिसरा मुद्दा मंजूर झाला तर आमच्याकडे पाठवा. फ्रेम करून लावतो.

काठावरचा
सरासरीबरोबर सोडून गेलेल्यांची संख्याही मागा. नाही तर ज्यांच्याकडून निम्मे पळाले त्यांची सरासरी छान दिसेल.

तळटीप
हे घातलं. धन्यवाद.

पहिलंच_पान
नमस्कार, बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहिते. पुढच्या महिन्यात पीएच.डी.ला रुजू होतेय. विभागाने यादी पाठवली, सहा जणांत मी एकटी मुलगी. ११.९ वाचून पोटात गोळा आला. समिती काय करायचं ते करेल, मी काय करू?

संख्यासुर
तो आकडा सरासरी फरकाचा आहे, तुमचं भाकीत नाही. एकट्या आलेल्या पुष्कळ जणी पदवी घेऊन बाहेर पडल्या. आणि परिणाम मुख्यतः पहिल्या वर्षाचा आहे, म्हणजे कुठे जोर लावायचा तेही कळलं.

काठावरचा
पहिल्या आठवड्यातच सीनियरांकडे जुने पेपर माग. सरळ माग, लाजू नकोस. सीनियरांना मागितलेलं आवडतं, सल्ले देता येतात ना.

ठिणगी
बॅचचा मेसेज ग्रुप असेल. नसेल तर तूच काढ, सहाही जणांना घाल, आणि असाइनमेंटबद्दल जे काही बोलायचं ते तिथेच बोला म्हणून सांग. जो ग्रुप काढतो त्याला "सांगायचं राहिलं" असं कुणी म्हणू शकत नाही. टिपणं काढायला सांगितलं तर म्हणायचं, पाळी लावू या.

निशिगंधा
शेजारच्या विभागांच्या यंदाच्या याद्या संकेतस्थळावर बघ, तिथेही कुणीतरी एकटी असेलच. विषय कुठला गं तुझा? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.